पुढची सिव्ह कोणती? ‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या अंदाजांची वही कशी लिहावी

२०२५ च्या वसंतात ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या संगणकावरच्या लढायांच्या खेळाला पाच नव्या सिव्ह (सिव्हिलायझेशन, म्हणजे खेळायला निवडायचे लोक किंवा राज्य) मिळणार आणि त्या चीनच्या आसपासच्या असणार, एवढं कळल्यावर मी वहीत पाच नावं लिहिली: जुर्चेन, खितान, तांगुत, दाली आणि तिबेट. समोर आकडेही टाकले. तांगुतांना तर थेट ९० टक्के. एप्रिलमध्ये यादी जाहीर झाली आणि तिच्यात होते जुर्चेन, खितान, वेई, शू आणि वू. म्हणजे पाचात दोन बरोबर. शाळेत याला चाळीस टक्के म्हणतात आणि पुढच्या वर्गात ढकलतात. पण ही वही शाळेच्या हिशेबाने तपासायची नसते. ती कशी तपासायची ते पुढे येईलच. तपासल्यावर कळलं की काही न लिहिता गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

तरीही वही ठेवावी असं माझं मत आहे. ‘मला आधीच माहीत होतं’ हे डीएलसी (खेळाला जोडायची नवी पुरवणी) आल्यावर सगळेच म्हणतात. आधी लिहून ठेवलेलं कुणाकडेच नसतं. शिवाय या निमित्ताने जेवढा इतिहास वाचला जातो तेवढा परीक्षेसाठीही वाचला नव्हता. आता रीत सांगतो. ती मुख्य खेळातल्या सिव्हसाठी आहे. २०२४ ची ‘बॅटल फॉर ग्रीस’ आणि २०२५ ची ‘अलेक्झांडर द ग्रेट’ ही क्रॉनिकल्स मालिकेतली भावंडं वेगळ्या घरात राहतात, त्यांचं खातं वेगळं काढा.

पहिली पायरी: मागचा जमाखर्च मांडा

वहीच्या पहिल्या पानावर नावं लिहायची नाहीत, आकडे लिहायचे. १९९९ च्या मूळ खेळात १३ सिव्ह होत्या. २००० मध्ये ‘द कॉन्करर्स’ने ५ दिल्या: अ‍ॅझ्टेक, माया, हूण, कोरियन, स्पॅनिश. मग तेरा वर्षं सामसूम. २०१३ मध्ये ‘द फॉरगॉटन’ने ५ आणल्या, त्यात आपले ‘इंडियन्स’ होते. २०१५ मध्ये आफ्रिकन किंगडम्समधून ४, २०१६ मध्ये राइज ऑफ द राजाजमधून ४. २०१९ ला डेफिनिटिव्ह एडिशन (खेळाची नव्याने घडवलेली आवृत्ती) आली तेव्हा आणखी ४ आल्या आणि एकूण ३५ झाल्या.

त्यानंतर ताल बदलला. २०२१ च्या जानेवारीत २ (बर्गंडियन, सिसिलियन), ऑगस्टमध्ये २ (पोल, बोहेमियन). २०२२ च्या एप्रिलमध्ये भारतासाठी ३. २०२३ च्या मेमध्ये १, म्हणजे रोमन. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर २, आर्मेनियन आणि जॉर्जियन. २०२४ मध्ये ‘व्हिक्टर्स अँड व्हँक्विश्ड’ आली, तीत १९ सिनारिओ (सुट्या मोहिमा) होते आणि नवी सिव्ह एकही नाही. मग मे २०२५ मध्ये एकदम ५. बेरीज बरोबर ५०.

डेफिनिटिव्ह एडिशननंतरच्या या सात डीएलसींचे आकडे ओळीने पाहा: २, २, ३, १, २, ०, ५. मधला आकडा २. म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘आफ्रिकेच्या सहा येणार’ म्हणालं की पहिला प्रश्न नावांचा नाही, सहाचा विचारायचा. मी मे २०२५ ला रेघ मारली आहे. त्यानंतर जे आलं ते तुम्ही तुमच्या पानावर याच पद्धतीने चढवा, आणि मधला आकडा सरकला का ते बघा.

एक सापळा इथेच असतो. ‘आफ्रिकेला २०१५ पासून काही मिळालं नाही, म्हणजे आता नंबर तिचाच.’ डीएलसी म्हणजे एसटीचा थांबा नव्हे, की रांगेत पुढे असलेल्याला आधी जागा मिळेल. खूप दिवस न येणं ही येण्याची खूण नसते. पण खेळात बर्बर, माली, इथिओपियन असे शेजारी असताना मधे नकाशा मोठा रिकामा दिसतो, ही खूण आहे. दोन्हींत गल्लत करू नका.

दुसरी पायरी: कालखंडाच्या कडा तपासा

या खेळाचा काळ म्हणजे साधारण रोमच्या पडझडीपासून सोळाव्या शतकाच्या शेवटापर्यंत. पण ‘साधारण’वर अंदाज बांधता येत नाही, म्हणून कॅम्पेनमधल्या, म्हणजे खेळातल्या सलग मोहिमांच्या गोष्टींमधल्या, तारखा घ्या. आरंभाच्या कडेला अलारिक आहे, ज्याने ४१० मध्ये रोम लुटलं. शेवटच्या कडेला कोरियाची नोर्यांगची सागरी लढाई आहे, १५९८ ची. लेपांतोची लढाई १५७१ ची. म्हणजे एखाद्या राज्याची मोठी गोष्ट या दोन कडांमध्ये बसत असेल तर उमेदवार पात्र.

माझा भाचा आठवीत आहे. त्याचा पहिला प्रश्न अर्थातच, “मामा, मराठे कधी?” त्याला मी दोन तारखा दाखवल्या. नोर्यांग १५९८, रायगडावरचा राज्याभिषेक १६७४. मधे ७६ वर्षं. यावर त्याने जे उत्तर दिलं ते वकिलाला शोभेल: “वेई, शू, वू तर तिसऱ्या शतकातले. त्यांच्यासाठी मागची कड मोडली ना? मग पुढची का नाही मोडणार?”

खरं आहे. त्या तीन राज्यांचा काळ २२० ते २८०. खेळाच्या जुन्या कडेच्याही जवळपास दोनशे वर्षं मागे. त्यावर चाहत्यांनी आरडाओरडाही भरपूर केला, आणि रँक्डमध्ये (क्रमवारीच्या ऑनलाइन सामन्यांत) हिरो युनिट, म्हणजे इतिहासातले नायक सैनिक म्हणून, आणल्यावर तर जास्तच. म्हणजे कड मोडू शकते हे आता नोंदवायलाच हवं. पण एकदा मोडली म्हणून दर वेळी मोडेल असं धरू नका. शिवाय पुढच्या बाजूला एक जास्तीची अडचण आहे: १४९२ नंतरचा काळ ‘एज ऑफ एम्पायर्स ३’ने व्यापलेला आहे, आणि तिथे २००७ पासून ‘इंडियन्स’ आहेतच. सतराव्या शतकाची गोष्ट सांगायची तर त्याच घराण्यात तिचं घर आधीपासून आहे. ते घर आता बंद पडत चाललंय हे वेगळं. पोलंड-डेन्मार्कची जाहीर झालेली डीएलसी २०२५ च्या सुरुवातीला रद्द झाली. जाहीर झालेलंही रद्द होतं, हे वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवा.

तिसरी पायरी: छत्र्या शोधा

या खेळात काही नावं म्हणजे मोठ्या छत्र्या आहेत. ‘सॅरासन’खाली सगळा अरब मुलूख, ‘व्हायकिंग’खाली सगळा उत्तर युरोप. २०१३ ते २०२२ ‘इंडियन्स’ ही अशीच एक छत्री होती. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळे एकाच उंटावर बसलेले. नऊ वर्षांनी ती फाडून हिंदुस्तानी, बंगाली, द्रविडियन आणि गुर्जर असे चार तुकडे केले. जुन्या सिव्हचं नाव बदलून हिंदुस्तानी झालं आणि तीन नव्या आल्या.

पण छत्री दर वेळी फाडतात असं नाही. स्लाव्ह या नावाखाली पूर्व युरोप होता. २०२१ मध्ये पोल आणि बोहेमियन बाहेर पडले तरी स्लाव्ह तसेच राहिले. चीनचंही तेच. पाच नवे शेजारी आले, ‘चायनीज’ मात्र जागेवर. तेव्हा दोन वेगळे प्रश्न लिहा: कोणत्या छत्रीखाली गर्दी होतेय? आणि छत्रीचं नाव न बदलता बाजूला नवी उघडता येईल का? दुसरं सोपं असतं, म्हणून ते जास्त वेळा घडतं.

चौथी पायरी: तीनचा नियम

ही पायरी कुणी फारशी वापरत नाही आणि माझ्या मते सगळ्यात कामाची हीच आहे. २०२१ पासूनच्या बहुतेक मोठ्या डीएलसींमध्ये कॅम्पेन तीन असतात. पण नव्या सिव्ह दोन असल्या तर तिसरं कॅम्पेन कुणाचं?

लॉर्ड्स ऑफ द वेस्टमध्ये बर्गंडियन आणि सिसिलियनांबरोबर तिसरं ब्रिटनांचं होतं, एडवर्ड लाँगशँक्सचं. डॉन ऑफ द ड्यूक्समध्ये पोलांची यादविगा, बोहेमियनांचा यान झिझ्का, आणि तिसरं लिथुएनियनांचं. लिथुएनियन २०१९ मध्ये आले तेव्हा त्यांना कॅम्पेन नव्हतं, ते घर दोन वर्षं रिकामं होतं. माउंटन रॉयल्समध्ये जॉर्जियाची राणी तामार, आर्मेनियनांचा थोरोस, आणि तिसरं इस्माईलचं, ज्याने १५०१ मध्ये सफवी सत्ता उभी केली. तो पर्शियनांचा. पर्शियन १९९९ पासून खेळात होते.

यातून काय निघतं? डीएलसीचा प्रदेश असा निवडला जातो की तिथे एखादी जुनी, कॅम्पेन नसलेली किंवा डागडुजीची गरज असलेली सिव्ह शेजारी असावी. म्हणून वहीत एक पान फक्त ‘रिकामी घरं’ या नावाचं ठेवा. २०२५ च्या मे महिन्यात त्या पानावर दोन ताजी नावं चढली: जुर्चेन आणि खितान. तीनही कॅम्पेन वेई, शू आणि वू यांना गेली आणि हे दोघे नुसतेच सैन्य घेऊन उभे राहिले. पुढे कधी मंगोलियाच्या बाजूची हवा वाहायला लागली तर हे पान उघडायचं.

पाचवी पायरी: सिव्ह बनवून बघा

नाव सुचवणं फुकट असतं. बनवायला बसलं की घाम येतो. प्रत्येक उमेदवारासाठी एक पान घ्या आणि पुढच्या जागा भरा.

युनिक युनिट, म्हणजे फक्त त्याच सिव्हचा सैनिक: नुसतं ‘शूर घोडदळ’ चालणार नाही. द्रविडियनांना उरुमी म्हणजे लवचिक पात्याची तलवार मिळाली, गुर्जरांना चक्र फेकणारा सैनिक, बंगाल्यांना रथ. हत्यार किंवा लढण्याची तऱ्हा अशी हवी की स्क्रीनवर बोटभर आकारातही ओळखू यावी.

दोन युनिक टेक्नॉलॉजी, म्हणजे फक्त तिलाच मिळणाऱ्या सुधारणा. एक टीम बोनस, म्हणजे साथीदारांनाही मिळणारा फायदा. एक वंडर, म्हणजे कडांच्या आत बांधलेली आणि लांबून ओळखू येणारी वास्तू. तीन ते सहा प्रसंगांची गोष्ट, जिच्यात शत्रू बदलत राहतात. एकाच शत्रूशी सहा वेळा लढलेला राजा कॅम्पेनला मिळमिळीत होतो. आणि आवाज. प्रत्येक सिव्हचे लोक आपल्या भाषेत ‘हुकूम’ म्हणतात. द्रविडियन तमिळ बोलतात, बंगाली बांगला. भाषा मेलेली असली तरी अडत नाही. हूणांना मंगोलांचाच आवाज दिलेला आहे आणि बायझंटाइन ग्रीकऐवजी लॅटिन बोलतात. पण जिवंत भाषा असेल तर तो मुद्दा उमेदवाराच्या बाजूने धरा.

पान भरताना एखादी जागा रिकामी राहिली तर ती रिकामीच ठेवा. ‘काहीतरी सापडेल’ लिहू नका.

एक छोटं उदाहरण. नाईलकाठची नुबियन राज्यं, म्हणजे मकुरिया. युनिक युनिट: तिरंदाज, आणि त्यांच्या नेमबाजीचा धसका अरब सैन्याने सातव्या शतकात दोंगोलासमोर घेतला होता. गोष्ट: ६५२ चा तह, त्यानंतर इजिप्तशी शतकानुशतकांचं कधी गोडीचं कधी तंट्याचं नातं. शेजारी: इथिओपियन आणि सॅरासन, दोन्ही खेळात हजर. पान जवळजवळ आपोआप भरतं. पण तिरंदाजीची सिव्ह म्हणून इथिओपियन आहेतच, त्यामुळे खेळण्यात नवं काय, ही जागा माझ्या पानावर अजून कोरी आहे.

सहावी पायरी: खुणा वाचा, पण प्रत्येकीचं वजन वेगळं

अधिकृत घोषणेतला आकडा (‘पाच नव्या सिव्ह’) सगळ्यात जड. त्याखालोखाल ट्रेलरमधली वास्तू किंवा युनिट. मग पॅचबरोबर (खेळाच्या दुरुस्तीबरोबर) आलेल्या फाइलींमधली नावं आणि चित्रं, जी कुणीतरी उकरून काढतं. त्याखाली स्टोअरमधल्या रिकाम्या नोंदी. आणि तळाला, ‘माझ्या ओळखीचा एक जण तिथे कामाला आहे’. या शेवटच्या खुणेला शून्य. ओळखीचा माणूस खरंच कामाला असेल तर तो बोलणार नाही.

पण खुणेचं वजन कळणं पुरेसं नसतं, तिचा अर्थही लावावा लागतो. तांगुतांचं माझं ९० टक्के कशावरून आलं? त्यांच्या ‘पश्चिम शिया’ या चिनी नावाच्या राज्यात उंटाच्या पाठीवरून दगड फेकणाऱ्या यंत्रांचं पथक होतं. तसलं युनिट येतंय अशी कुणकुण लागल्यावर मी गणित संपवलं. युनिट आलं, माउंटेड ट्रेबुशे नावाने. फक्त ते खितानांच्या हाती आलं. खूण खरी होती, तिच्यावर लावलेलं नाव खोटं होतं. बनवणाऱ्यांनी दोन शेजाऱ्यांचा संसार एका नावाखाली मांडला असणार, हा पर्याय मी वहीत लिहिलाच नव्हता.

तेव्हापासून मी प्रत्येक खुणेपुढे दोन ओळी लिहितो. एक: ही खूण खरी असेल तर माझ्या उमेदवाराखेरीज आणखी कोण बसतं? दोन: माझा उमेदवार येत असेल तर आणखी कोणती खूण दिसायला हवी होती, आणि ती दिसते का? दुसऱ्या ओळीने निम्मे उमेदवार गळतात.

लीकबद्दल एवढंच: फाइली स्वतः फोडायला जाऊ नका, आणि कुणी फोडलेलं दिसलं तर ज्यांना आश्चर्य राखायचंय त्यांच्या तोंडावर मारू नका.

सातवी पायरी: टक्के लिहा आणि बेरीज जुळवा

‘बहुतेक’, ‘शक्यता आहे’, ‘नाकारता येत नाही’ हे शब्द वहीत नकोत. टक्के लिहा. आता एक गोम. तीन सिव्ह येणार असं धरलं असेल तर सगळ्या उमेदवारांच्या टक्क्यांची बेरीज ३०० यायला हवी. पाच येणार असतील तर ५००. आणि या बेरजेत ‘इतर कुणीतरी’ ही ओळ असलीच पाहिजे.

माझं २०२५ चं पान असं होतं: जुर्चेन ७५, खितान ७५, तांगुत ९०, दाली ६०, तिबेट ५०. बेरीज ३५०. म्हणजे ‘इतर’साठी १५० उरायला हवे होते. मी तिथे लिहिलं होतं २०. वेई, शू आणि वू या ‘इतर’मधूनच आले. बेरीज त्याच दिवशी केली असती तर घोषणेआधीच कळलं असतं की मी नाकारलेल्या गोष्टींमध्ये दीड सिव्ह दडलेली आहे.

निकाल लागल्यावर गुण असे काढायचे. सिव्ह आली तर १, नाही आली तर ०. त्यातून तुमचा टक्का (०.७५ असा लिहून) वजा करा आणि उत्तराचा वर्ग करा. कमी गुण म्हणजे चांगला अंदाज, गोल्फसारखं. जुर्चेन: १ वजा ०.७५ म्हणजे ०.२५, वर्ग ०.०६२५. खितानही तेवढेच. तांगुत: ० वजा ०.९०, वर्ग ०.८१. दाली ०.३६, तिबेट ०.२५. एकूण १.५४५, पाचाने भागून ०.३०९.

आता डोळे मिटून प्रत्येकासमोर ५० लिहिलं असतं तर? प्रत्येकी ०.२५, सरासरी ०.२५. माझ्यापेक्षा बरी. महिनाभर चिनी इतिहास वाचून मी नाणं उडवणाऱ्याकडून हरलो, आणि ते एकट्या तांगुतांमुळे. खात्री वाटली की ९० लिहायचा मोह होतो, आणि वर्ग नेमका तिथेच घाव घालतो.

आठवी पायरी: सगळं एकत्र, दख्खनच्या पानावर

आता आपल्या अंगणात. २०२२ मध्ये भारताचे चार तुकडे झाले तरी दख्खनचं पठार कुणाचं, हा प्रश्न लोंबकळतच राहिला. आमच्याकडे यावर जेवणं थंड झालेली आहेत. वहीत तीन उमेदवार आहेत.

पहिले देवगिरीचे यादव. हे भाच्यासाठी, कारण मराठे बाद झाल्यावर त्याने लगेच यांना पुढे केलं. राजधानी बाराव्या शतकाच्या शेवटी भिल्लमाने वसवली, १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी रामदेवरायावर चालून आला, आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत राज्य दिल्लीच्या पोटात गेलं. आवाज? मराठी. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची, आणि तीत रामदेवरायाचा उल्लेख आहे. वंडर: सिन्नरचं गोंदेश्वर. इथवर मन भरून येतं. मग युनिक युनिटची जागा येते आणि पेन थांबतं. हेमाडपंती बांधणी प्रसिद्ध आहे, पण देवळावरून सैन्य बनत नाही. आणि गोष्टीचा सगळ्यात नाट्यमय भाग पराभवाचा आहे. तीनचा नियमही मदत करत नाही. यादवांच्या शेजारची कोणतीही जुनी सिव्ह कॅम्पेनवाचून बसलेली नाही. मी ३ टक्के लिहिले.

दुसरे बहमनी आणि त्यांचे पाच वारस. १३४७ मध्ये दौलताबादेत राज्यारोहण, मग गुलबर्गा, मग बिदर. १४८१ मध्ये महमूद गवानला मारलं आणि घर फुटलं: अहमदनगर, विजापूर, बिदर, गोवळकोंडा, वऱ्हाड. गोष्टीला तोटा नाही. १५६५ ची तालिकोट, १५९५-९६ चा अहमदनगरचा वेढा आणि बुरुजावर उभी चांदबीबी, सगळं कडांच्या आत. वंडरसाठी बिदरची गवानची मदरसा आहे. गोल घुमट मात्र १६५६ चा, तो कडेबाहेर पडतो, उगीच त्याच्या मोहात पडू नका. आणि युनिट? १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली मुलूख-ए-मैदान तोफ. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. आपल्या नगरच्या भट्टीतून निघालेली, सिंहाच्या जबड्याची तोफ खेळात दिसली तर मी रँक्ड सोडून नुसता तिच्याकडे बघत बसेन.

पण छत्रीचा प्रश्न विचारा. हिंदुस्तानी सिव्हमध्ये सुलतान, गुलाम, बंदुकवाले सगळे आहेत. बनवणाऱ्याच्या टेबलावरून बघितलं तर दख्खनी सुलतान म्हणजे त्याच पात्रांची दक्षिण आवृत्ती. आपल्याला फरक जिव्हाळ्याचा वाटतो, त्यांना तो पुन्हा केलेलं काम वाटू शकतो. ६ टक्के.

तिसरे राष्ट्रकूट. हे नाव मी आधी यादीत टाकलंच नव्हतं, ‘रिकामी घरं’ हे पान वाचताना सुचलं. आठव्या-नवव्या शतकात कनौजसाठी तीन सत्ता भांडत होत्या: बंगालचे पाल, गुर्जर-प्रतिहार आणि दख्खनचे राष्ट्रकूट. २०२२ च्या डीएलसीत बंगाली आले आणि त्यांचं कॅम्पेन पाल राजा देवपालाचं. गुर्जरही आले. त्रिकुटातला तिसराच खेळात नाही. वेरूळचं कैलास लेणं वंडर म्हणून समोर असताना दुसरं काही शोधायची गरज नाही. गोष्ट दंतिदुर्गापासून, म्हणजे ७५३ च्या आसपास, सुरू होते. उत्तरेला तिसऱ्या गोविंदाची स्वारी, मग अमोघवर्षाचा दीर्घ काळ, मग तिसऱ्या इंद्राने घेतलेलं कनौज. शत्रू बदलतात, दिशा बदलतात, शेवट ९७३ मध्ये घरातूनच येतो. चारही भारतीय सिव्हच्या इमारती एकाच धाटणीच्या आहेत, तेव्हा तो खर्चही नाही.

अडचण दोन ठिकाणी. द्रविडियन ही छत्री या मंडळींनाही आपल्याखाली घेऊ शकते, बनवणाऱ्यांना ती पुरेशी वाटत असेल. आणि दुसरी अडचण खेळाची नाही, माझ्या घरातली आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट आजच्या कर्नाटकात, अमोघवर्षाचा दरबार कन्नडाचा. ही सिव्ह आली तर वेरूळचं लेणं बांधणारा गावकरी कन्नडात उत्तर देईल. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो दोन दिवस बोलला नाही. मी १० टक्के लिहिले, तिघांत सगळ्यात जास्त. नाव ‘राष्ट्रकूट’ येईल की ‘कन्नड’, हा वेगळा अंदाज. २०२२ पर्यंत भारतात लोकांची नावं दिली, घराण्यांची नाही. २०२५ मध्ये वेई, शू, वू ही थेट राज्यांची नावं आली. सध्या मी दोन्हीकडे निम्मे निम्मे ठेवलेत.

दरम्यान ‘एज ऑफ एम्पायर्स ४’ मध्ये २०२५ च्या नोव्हेंबरात तुघलक आले, म्हणजे दिल्लीचाच एक पोटभेद. १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवणारा मुहम्मद त्यांच्यातलाच. त्यामुळे आमच्या गटात ‘बघा, दौलताबाद आलं’ असे फटाके फुटले. चौथ्या खेळातली खूण दुसऱ्या खेळाच्या वहीत चढवू नका. तिथे मूळ सिव्हचे पोटभेद काढायची पद्धत आहे, इथे नाही.

नववी पायरी: पान बंद करा

घोषणेची तारीख जाहीर झाली की आदल्या रात्री पानावर रेघ मारायची, तारीख घालायची, आणि फोटो काढून कुणाला तरी पाठवायचा. त्यानंतर खाडाखोड नाही. चुकलेलं पान फाडायचं नाही. माझं तांगुतांचं पान अजून वहीत आहे, लाल शाईने ०.८१ लिहिलेलं.

दख्खनच्या पानाची एक प्रत भाच्याकडेही आहे. त्याने माझे ३, ६ आणि १० खोडले नाहीत. खाली चौथी ओळ वाढवली, ‘मराठे’, आणि पुढे ९० लिहिलं. वर्गाचं गणित त्याला समजावून सांगितलं आहे. तो म्हणाला, “मामा, आले तर माझे ०.०१ येतील ना?”